ऑड्री कोण होती

इवोर बेनन मोटारीचं दार उघडून उभा होता, आणि मी मनात हिशेब करत होते की या म्हाताऱ्याला माझ्याकडून नेमकं काय हवं असेल.

पहिली गोष्ट, दवाखान्यातली रांग. आमचे हे त्या गावातले एकुलते एक डॉक्टर आणि केसपेपर काढणारी मी. खाणीच्या धुळीनं छाती भरलेल्या माणसाची आठवड्यातून दोनदा रांग चुकणार असेल, तर तो फायदा लहान नव्हता. दुसरी, जेवण. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या परसावर उघडत होती. फोडणीचा वास त्याच्याकडे पोचत होता हे मला माहीत होतं, कारण तो वास आला की त्याचं खुरपं थांबायचं. तिसरी, कान. गावातले सगळे कान त्यानं केव्हाच वापरून संपवले होते. माझे नवे होते.

"बसा, मिसेस पेन," तो म्हणाला. "चढ लागला की मला बोलता येत नाही. इतिहास सपाटीवरच उरकून घेऊ."

आमचं आडनाव पेंढारकर. मिरजेहून आम्ही दक्षिण वेल्समधल्या कुम-हेस्गला आलो, त्या पहिल्या महिन्यातच गावानं त्या नावाचं शेपूट कापून 'पेन' एवढंच ठेवलं. वेल्श भाषेत पेन म्हणजे डोकं आणि इंग्रजीत त्याच उच्चाराच्या जवळचं दुखणं, त्यामुळे डॉक्टरला हे नाव शोभतं असा त्यांचा विनोद होता. विनोद एकच होता, पण पुरवून पुरवून वापरत.

गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असे. हे आरामखुर्चीत झोपत आणि मी इवोरच्या जुन्या मॉरिसमधून दरी बघायला निघे. पंचाहत्तर साल होतं. पहिल्या दिवशी त्यानं मला रस्त्याकडेचा दगडांचा एक ढीग दाखवला.

"इथे टोलनाका होता. माझ्या पणजोबानं जाळला. बायकोचा झगा घालून."

"झगा कशाला?"

"ओळखू येऊ नये म्हणून. सगळेच तसे आले होते. पन्नास माणसं, पन्नास झगे, आणि दाढ्या तशाच."

"आमच्याकडे भित्र्या पुरुषाला बांगड्या भर म्हणतात."

"आमच्या बायका म्हणाल्या, झगे फाडून आणू नका." मग त्यानं खिशातून पेन्सिल काढून मला दिली. "एका ठिकाणी एक शब्द. हा माझा नियम. आजचा शब्द, तान. आग."

मी वही उघडून देवनागरीत 'तान' लिहिलं आणि पुढे 'आग'. इंग्रजी स्पेलिंगनं माणसं वेल्शला घाबरतात. देवनागरीत ती भाषा निम्मी सोपी होते. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे आपला एक अर्थ, मधे सरळ रेघ. वही इतकी नीट होती की ती इवोरला दाखवताना मला अभिमान वाटे. तो चष्मा कपाळावर ढकलून ती अक्षरं बघायचा आणि म्हणायचा, "कपडे वाळत घातल्यासारखी दिसतात."

आकडे शिकताना आम्ही नवावर अडलो. त्यांचा नऊ हाही 'नऊ'च.

"हा आमचा आहे," मी म्हटलं.

"असेल. तुम्ही इकडे येताना विसरला असाल, आम्ही सांभाळून ठेवला."

असे अकरा महिने गेले. मोडकी देवळं, बंद खाणी, एक जुनी शाळा. त्या शाळेत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची एक पट्टी अडकवत, असं त्यानं सांगितलं. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की पट्टी त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असे, त्याला छड्या.

"म्हणजे मारणारा मास्तर एक, आणि हेर वर्गभर," मी म्हटलं.

"माझे आजोबा हेरगिरीत हुशार होते," इवोर म्हणाला. "एकदाही मार खाल्ला नाही. आम्हाला फार अभिमानानं सांगायचे." मग म्हणाला, "आता मला तो अभिमान नको वाटतो. पण आजोबा आवडायचे."

एका पडक्या घराच्या दारावर दगडात कोरलेली पाटी होती. ती बोटानं पुसून त्यानं वाचली. कार्त्रेव. घर. इकडे पुष्कळ घरांचं नाव नुसतं 'घर' असतं हे मला गमतीचं वाटलं. मी लिहून घेतलं: कार्त्रेव, घर.

दरीत एकच इमारत अशी होती जिच्यापुढे गाडी कधी थांबली नाही. टेकडीवरचं ब्रिन हाउस, करड्या दगडाचं, खिडक्या लहान. आता तिथे सरकारनं वृद्धांना ठेवलं होतं.

"हे काय होतं पूर्वी?" मी एकदा विचारलं.

"चढ आहे," तो म्हणाला, "बोलता येत नाही." आणि गिअर बदलला.

थांबा नाही, म्हणून शब्दही नाही. तसाच नियम होता.

त्याची मुलगी शर्ली इंग्लंडात स्विंडनला होती. चाळिशीची, अविवाहित, एका कचेरीत टायपिस्ट. नाताळात यायची. बापासाठी लोकरीचे मोजे आणायची आणि चार दिवस दोघं हवेबद्दल बोलायचे. तिला वेल्शचा एक शब्दही येत नव्हता.

"तिला हे सगळं का नाही शिकवलंत?" मी विचारलं.

इवोरनं गाडी कडेला घेतली. सपाट रस्ता होता, तरी त्याला बोलायला वेळ लागला.

"वेल्श बोलणारा खाणीत जातो आणि इंग्रजी बोलणारा कचेरीत. असं वाटायचं तेव्हा. मी आणि माइरनं ठरवलं, पोरीच्या कानावर पडू द्यायची नाही. आम्ही दोघं आपसात बोलायचो. ती खोलीत आली की थांबायचो."

"मग इंग्रजीत बोलायचात."

"इंग्रजीत आम्हा दोघांना काही बोलण्यासारखं नसायचं. गप्प बसायचो."

मग त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "तुम्हाला येईल, मेर्ख-ई. तुमचा कान चांगला आहे."

मेर्ख-ई म्हणजे माझ्या पोरी. मला तेव्हा कळलं की रांग नाही, जेवण नाही, कानही नाही. लेकीला द्यायचं राहिलेलं तो माझ्याकडे उतरवून ठेवत होता. आपला पहिला हिशेब चुकला याचं मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. एवढं मोठं ओझं आपल्याकडे सोपवावंसं कुणाला वाटतं, ही काही कमी प्रतिष्ठा नव्हे.

मार्चमध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला. परसात पडलेला मीच पाहिला. आमच्या ह्यांनी शहरातल्या हॉस्पिटलात पाठवला. जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर इंग्रजी गेलं. ह्यांनी सांगितलं, असं होतं कधी कधी, मागून शिकलेली भाषा आधी जाते. उरली ती वेल्श, तीही तुकड्यातुकड्यानं, अर्ध्या तोंडातून.

हॉस्पिटल वीस मैलांवर. नर्सा सगळ्या इंग्रजी बोलणाऱ्या. शेजारच्या मिसेस हॉवेल्सना उत्तम वेल्श येत होतं, पण त्यांच्या पायांना बसचा प्रवास झेपत नव्हता. पाद्री दुसऱ्या गावी परिषदेला गेलेले, सोमवारी येणार होते. त्यामुळे गुरुवारी मी वही घेऊन गेले.

"डूर," इवोर म्हणाला.

"पाणी मागताहेत," मी नर्सला म्हटलं.

"फेनेस्त."

"खिडकी उघडा."

तिथल्या मुख्य नर्सबाई म्हणाल्या, तीन दिवस आम्ही त्यांना बेडपॅन देत होतो आणि त्यांना खिडकी हवी होती. साडी नेसलेली बाई वेल्श समजते ही बातमी चहाच्या गाडीबरोबर वॉर्डभर फिरली. दोन डॉक्टर मुद्दाम बघून गेले. आमच्या ह्यांच्याकडे कुणी इतकं बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

शर्ली आली होती. तिनं नोकरी सोडायची ठरवून टाकली होती. बापाची खाट माडीवरून खाली, रस्त्याकडच्या खोलीत आणली होती. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता. हे सगळं तिनं मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं, पर्स छातीशी धरून.

"मला घरी न्यायचंय त्यांना. पण त्यांनी हो म्हणायला हवं. माझ्यावर त्यांनी कधी काही सोपवलं नाही, मिसेस पेन. निदान हे."

हॉस्पिटलची समाजसेविका कागद घेऊन आली. दोन रकाने होते. एक, घरी, मुलीच्या देखरेखीखाली. दोन, ब्रिन हाउस. रुग्णाला विचारायचं आणि खूण करायची. तिनं इंग्रजीतून विचारलं, मोठ्यानं, जणू इवोर बहिरा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग माझ्याकडे. डावा हात उचलून माझं मनगट धरलं.

"डिम कार्त्रेव," तो म्हणाला. "डिम. डिम कार्त्रेव."

डिम म्हणजे नाही, नको. वहीच्या पहिल्याच पानावर होता. आणि कार्त्रेव तर मी दगडात कोरलेला बघून शिकले होते.

"काय म्हणताहेत?" शर्लीनं विचारलं.

मी जरा घुटमळले. पण शर्लीच्या चेहऱ्याकडे बघून, शब्दावर शंका आली म्हणून नव्हे.

"घर नको म्हणताहेत."

शर्लीनं मान हलवली, अगदी हळू. इवोरचा हात माझ्या मनगटावर आवळला.

"आद्रे," तो म्हणाला. ओठ एका बाजूला ओघळलेला, त्यामुळे 'आ' पुरता उघडत नव्हता. "ऑद्रे. ऑद्रे."

हा शब्द माझ्या वहीत नव्हता.

"ऑड्री?" शर्ली म्हणाली. "ऑड्री कोण?"

इवोर डोळे मिटून मान हलवत होता, हो हो अशी. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो रडताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि शर्लीही.

"मिसेस पेन, ऑड्री कोण? तुम्ही वर्षभर हिंडलात त्यांच्याबरोबर."

"मला काही बोलले नाहीत."

"नसतीलच बोलले." ती खुर्चीत बसली. "मी लहान असताना खोलीत गेले की दोघं बोलायची थांबायची. आई खाली बघायची. मला वाटायचं, माझं काही चुकलं. आता कळतंय कशाबद्दल बोलणं चालायचं ते."

मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं की ते वेल्श बोलत असत, बस्स. पण खरं सांगते, ऑड्री मला पटली होती. माणसाच्या पोटात काय असतं ते ओळखण्याची मला हौस, आणि इतिहासाच्या नावाखाली दर गुरुवारी दरीत भटकणाऱ्या विधुराच्या पोटात एखादी ऑड्री असणं मला अगदी जमाखर्चात बसल्यासारखं वाटलं. पेपरच्या दुकानातली ऑड्री पाउएल माझ्या डोळ्यांपुढे येऊनही गेली.

समाजसेविका म्हणाली, "कागद सोमवारपर्यंत राहिला तरी चालेल."

"पाद्री सोमवारी येणार आहेत," शर्ली म्हणाली. "त्यांना एकदा विचारून घेऊ या का? तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर."

वाईट वाटलं होतं. दोन डॉक्टर बघून गेलेल्या बाईला वाईट वाटणारच.

"गरज नाही," मी म्हटलं. "शब्द स्पष्ट आहे."

शर्लीनं दुसऱ्या रकान्यात खूण केली. पेन माझंच होतं.

आमच्या ह्यांनी घरी विचारलं, "कुमुद, खात्री आहे ना? ही खाणीतली माणसं घर सोडून कुठं जात नाहीत."

"तुम्हाला वेल्श येतं का?" मी म्हटलं.

ब्रिन हाउसमध्ये मी दोनदा गेले. पहिल्यांदा इवोर भिंतीकडे तोंड करून होता. दुसऱ्यांदा त्यानं तोंड फिरवलं आणि एकच शब्द उच्चारला. "पाम?"

पाम म्हणजे का. हा मला येत होता.

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि हळू आवाजात, इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "मिस्टर बेनन, मी चौकशी केली. ऑड्री कुठे आहे ते मला कळलं नाही."

त्यानं तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर तो कुणाशी कोणत्याच भाषेत बोलला नाही, असं तिथल्या बायकांनी सांगितलं. अकराव्या आठवड्यात गेला.

शर्लीनं प्रार्थना गावच्या चॅपेलमध्ये ठेवली, पण दहन शहरातल्या विद्युतदाहिनीत करायचं ठरवलं. चॅपेलमागच्या कबरस्तानात माइरची कबर होती, दोघांना पुरेल एवढी खोल खणलेली. शर्ली मला म्हणाली, "आईनं आयुष्यभर पुष्कळ सोसलं असणार. आता तरी तिची जागा तिला एकटीला राहू दे." मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं.

चॅपेल भरलं होतं. मी मिसेस हॉवेल्सशेजारी बसले. पाद्री वेल्शमध्ये बोलत होते आणि मी ओळखीचे शब्द वेचत होते. खाण, भाकरी, दगड. मग ते थांबले, शवपेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मै इवोर वेदी मिन्द आद्रे."

मी मिसेस हॉवेल्सच्या कानाशी वाकले. "ऑड्री कोण?"

"कुठली ऑड्री?"

"आत्ता म्हणाले ते."

"आद्रे," त्या म्हणाल्या. "म्हणजे आपल्या घरी. इवोर आपल्या घरी गेला. मेलेल्या माणसाबद्दल म्हणतात तसं."

"घराला कार्त्रेव म्हणतात ना?"

"म्हणतात. पण माणूस आपल्या घरी जायला निघाला की आद्रे." त्यांनी हनुवटीनं भिंतीपलीकडची टेकडी दाखवली. "आणि इथे नुसतं कार्त्रेव म्हटलं की ते वरचं. ब्रिन हाउस. पूर्वी गरिबांना कामाला जुंपून ठेवायचे तिथे. इवोरची आई तिथेच मेली, सहा वर्षांचा होता तो. त्या दारातून आपण होऊन आत जाईन म्हणाला, हे ऐकून आम्हा सगळ्यांना नवल वाटलं. पण तुम्ही सांगितलंत म्हटल्यावर..."

त्यांनी माझा हात थोपटला.

आपल्याकडे तरी दुसरं काय आहे. घर वेगळं आणि घरी वेगळं. मिरजेच्या कुठल्याही शेंबड्या पोराला हा फरक कळतो. मला माझ्या वहीत तो दिसला नाही, कारण वहीत उजव्या बाजूला एकाच अर्थापुरती जागा होती.

पाद्री एकाएकी इंग्रजीत बोलू लागले. माझ्यासाठीच, हे सगळ्यांना कळलं. "आज एका व्यक्तीचे आभार मानायला हवेत. आपली भाषा आपलीच मुलं शिकत नाहीत. पण सात समुद्रांपलीकडून आलेल्या मिसेस पेन ती शिकल्या. शेवटच्या दिवसांत इवोरचं म्हणणं जगाला कळलं, ते त्यांच्यामुळे."

लोक माना वळवून हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते. पुढच्या बाकावरून शर्लीनंही वळून पाहिलं. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

बाहेर उन्हात शववाहिका उभी होती. चॅपेलच्या फाटकातून उजवीकडे वळलं की कबरस्तान, डावीकडे शहराचा रस्ता. ड्रायव्हर सिगारेट विझवत होता. अजून काहीच झालेलं नव्हतं. एका वाक्यात सगळं बदलता आलं असतं, आणि ते वाक्य मला तिन्ही भाषांत येत होतं.

शर्ली माझ्याजवळ आली. डोळे कोरडे होते.

"खरं सांगा, मिसेस पेन. ती आली होती का आत?"

"कोण?"

"ऑड्री."

ह्यांचा दवाखाना समोर होता. पाद्री दोन पावलांवर उभे होते. मिसेस हॉवेल्स काठी टेकत येत होत्या. मी बोलले असते तर शर्लीला आई-बाप दोघेही परत मिळाले असते, पण त्याबरोबर हेही कळलं असतं की बापानं हात धरून नको म्हटलं होतं तिथेच आपण त्याला धाडलं, माझ्या शब्दावर. ते तिला सोसलं नसतं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. तेव्हा त्या फाटकाशी उभी असताना मात्र मी तिचा विचार करत नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "ऑड्री कुणी आली नव्हती."

हे अक्षरशः खरं होतं.

तिनं मान हलवली, गाडीत बसली, आणि गाडी डावीकडे वळली.

माझ्या चुकीचा दंड इवोरनं भरला, अकरा आठवडे, भिंतीकडे तोंड करून. माइरच्या दगडावर खालचा अर्धा भाग त्याच्या नावासाठी सोडला होता. तो अजून कोरा आहे. शर्लीनं घर विकलं आणि दरीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. बाप फसवणारा आणि आई फसलेली, असे दोघं बरोबर घेऊन ती एकतीस वर्षं जगली. दर नाताळात तिचं मला कार्ड यायचं, त्यात एकच ओळ: बाबांना समजणारं कुणीतरी होतं, हे बरं झालं. एकतीस कार्डं आहेत. मी प्रत्येकाला उत्तर पाठवलं, आणि मला कुणी कधी काही दंड भरायला लावला नाही.